हार पत्करली, मत कुजू दिले नाही

आज १४ एप्रिल. तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत, भंडारा शहरापासून लाखनी-साकोलीपर्यंत गावोगावी निळे झेंडे लागले आहेत. विहारांमध्ये पहाटेच वंदना झाली असेल. संध्याकाळी मिरवणुका निघतील, भीमगीते रंगतील, भाषणे होतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती अशीच थाटात साजरी व्हायला हवी. पण आपल्या जिल्ह्याचे बाबासाहेबांशी एक वेगळे नाते आहे, आणि ते आपण सहसा खाली मान घालून सांगतो. १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते आणि पडले. बहुतेकांची माहिती इथेच संपते. त्या निवडणुकीत त्यांनी इथल्या मतदारांपुढे कोणता आदर्श ठेवला, हे मात्र नव्या पिढीला जवळजवळ ठाऊकच नाही. पराभव लक्षात राहिला आणि त्यातला मोठेपणा विसरला गेला. आजच्या दिवशी तो मोठेपणा नीट समजून घेणे, हेच या महापुरुषाला भंडारेकरांनी करायचे खरे अभिवादन आहे.

ती पोटनिवडणूक का झाली, हे आधी पाहू. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, म्हणजे डिसेंबर १९५१ ते जानेवारी १९५२ या काळात, भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. त्या निवडणुकीत काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे विजयी झाले. एका मतदाराने निकालाला आव्हान दिले. जसानी ज्या विडी कंपनीत भागीदार होते, तिचा सरकारी कँटीन विभागाला विड्या पुरवण्याचा करार होता. सरकारशी असा करार असलेला माणूस उमेदवार होऊ शकत नाही, हा आक्षेपाचा पहिला मुद्दा. राखीव जागेवरील एका उमेदवाराचा अर्ज तो महानुभाव पंथात गेला म्हणून फेटाळण्यात आला होता, हा दुसरा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायालयाने दोन्ही मुद्दे मान्य केले. जसानी अपात्र ठरले, आणि पंथ बदलल्याने त्या उमेदवाराची जात सुटत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. भंडाऱ्याची निवडणूक रद्द झाली. भंडाऱ्याच्या मातीतला हा खटला निवडणूक कायद्याच्या अभ्यासात आजही वाचला जातो.

दोन्ही जागांसाठी पुन्हा मतदान घ्यायचे ठरले. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब उभे राहिले. त्यांच्यासमोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर होते. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि काँग्रेसचे पूनमचंद रांका यांच्यात लढत होती. बाबासाहेब आणि मेहता एकमेकांच्या साथीने लढत होते. बाबासाहेब तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते. प्रकृती खालावलेली, मधुमेहाने शरीर पोखरलेले, पायांच्या दुखण्याने चालणे कठीण झालेले. अशा अवस्थेत ते वैशाखाच्या उन्हात या जिल्ह्यात फिरले.

एप्रिल-मे म्हणजे इकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. बायाबापडे पहाटेच्या अंधारात जंगलात जातात, पाने तोडतात, उन्ह डोक्यावर येईतो घरी परततात आणि दिवसभर पुडके बांधत बसतात. ज्यांच्या हातांना पानांचा आणि तंबाखूचा वास, अशा माणसांच्या हाती त्या उन्हाळ्यात दोन-दोन मतपत्रिका येणार होत्या. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे. तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची असे. फेडरेशनचे चिन्ह हत्ती. द्विसदस्यीय मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत.

या पद्धतीतली खरी मेख निकालाच्या नियमात होती. आधी राखीव जागा भरायची: अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते, तो निवडून आला. मग उरलेल्या सर्व उमेदवारांत, राखीव प्रवर्गातलेही धरून, ज्याची मते जास्त त्याला दुसरी जागा. म्हणजे राखीव जागेवर दुसरा आलेला उमेदवार सर्वसाधारण जागेवरच्या उमेदवारांपेक्षा पुढे गेला, तर तोही लोकसभेत पोहोचत असे. ही केवळ कागदावरची शक्यता नव्हती. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम मतदारसंघात दोन आदिवासी उमेदवारांनी मिळून पुढे राष्ट्रपती झालेल्या व्ही. व्ही. गिरी यांना असेच मागे टाकले आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. अखेर १९६१ साली कायदा करून द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द करण्यात आले.

हे गणित कळले की भंडाऱ्यातल्या कार्यकर्त्यांच्या मनातली घालमेलही कळते. आपल्या मतदाराने पहिले मत बाबासाहेबांना दिले आणि दुसरे मेहतांना, तर मेहतांची मते वाढणार. राखीव जागेवर बोरकर पुढे गेले तर बाबासाहेबांची दुसरी आशा होती ती मेहतांना मागे टाकण्याची, आणि मेहतांना पुढे नेणार कोण, तर आपलीच मते! शिवाय मेहतांना मानणारा सवर्ण मतदार आपले दुसरे मत हत्तीच्या पेटीत टाकेल का, याचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून साधा उपाय पुढे आला. एक मत बाबासाहेबांना द्या आणि दुसरे कोणालाच देऊ नका. दुसरे मत कुजवा.

त्या काळातल्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आवर्जून येतो. बाबासाहेबांनी ही सूचना साफ नाकारली. ज्याने संविधान लिहिले त्यानेच लोकांना मत वाया घालवायला सांगायचे, हे आपल्याकडून होणार नाही. निवडणूक हरलो तरी चालेल, पण दोन्ही मते द्या, असे त्यांचे सांगणे होते. दोन मते दिली आहेत ती दोन्ही वापरण्यासाठी. ज्याच्या साथीने निवडणूक लढवतो त्याचा विश्वासघात करायचा नाही आणि आपल्या माणसांना चुकीचा धडा शिकवायचा नाही.

निकाल लागला. भाऊराव बोरकर निवडून आले, अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी मागे राहिले. वर सांगितलेल्या नियमाने पाहिले तर मेहता निवडून आले याचाच अर्थ त्यांची मते बाबासाहेबांपेक्षा जास्त होती. त्यांतली किती मते बाबासाहेबांच्या सांगण्यावरून पडली होती, हे गुप्त मतदानात कोणालाच मोजता येत नाही. पण आपल्या शब्दामुळे आपलीच जागा धोक्यात येते आहे हे ठाऊक असूनही त्यांनी तो शब्द दिला आणि पाळला. या जिल्ह्याच्या इतिहासात याहून उजळ क्षण शोधून सापडणार नाही.

त्यातही एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. एकच मत देऊन दुसरे न देणे हा गुन्हा नव्हता. कायद्याने ते मतदाराच्या मर्जीवर होते. कोणी बोट ठेवले नसते, कोणी खटला भरला नसता. कायद्याने जे चालते ते सगळे करायचेच असते, असे मानणाऱ्यांच्या दृष्टीने बाबासाहेबांनी हातची संधी घालवली. प्रामाणिकपणाची कसोटी मात्र अशाच ठिकाणी लागते. कायद्याची भीती असते तिथे सगळेच सरळ वागतात. कायदा गप्प असतो, जग डोळेझाक करायला तयार असते आणि नुकसान फक्त आपलेच होणार असते, तिथे जो सरळ वागतो, त्याच्या चारित्र्याला चारित्र्य म्हणायचे.

आणि हे करताना बाबासाहेबांच्या मनात जुनी जखम ताजी होती, हेही विसरता येणार नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९५२ साली, मुंबईतून ते लोकसभेला उभे होते. तिथेही द्विसदस्यीय मतदारसंघ, तिथेही अशोक मेहतांची साथ. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. त्या निवडणुकीत ७४ हजारांहून अधिक मते बाद झाली. मते कुजवण्याचा जाणूनबुजून प्रचार झाला, अशी तक्रार करत बाबासाहेब आणि मेहता या दोघांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली. म्हणजे जे हत्यार मुंबईत आपल्यावर चालवले गेले असे त्यांचे म्हणणे होते, तेच हत्यार भंडाऱ्यात त्यांच्या हाती आयते आले होते. ‘त्यांनी केले, मग आपण का नको?’ हा प्रश्न कोणत्याही माणसाच्या ओठांवर आला असता. बाबासाहेबांनी ते हत्यार हातात घेतले नाही. आपल्यावर झालेला अन्याय आपल्याला अन्याय करण्याचा परवाना देत नाही, ही शिकवण ग्रंथांत अनेकांनी लिहिली आहे. भर निवडणुकीत, हरण्याची शक्यता समोर दिसत असताना, ती पाळून दाखवणारे विरळाच.

हे त्यांना सुचले कुठून? उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. १९१९ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, साउथबरो समितीसमोर साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. १९२८ साली सायमन आयोगासमोर त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी केली. गोलमेज परिषदांतही हीच मागणी लावून धरली. त्या काळी मत म्हणजे जमीनजुमला असलेल्याची, कर भरणाऱ्याची, शिकलेल्याची मिरासदारी होती. शेतमजूर, विडी कामगार, घरकाम करणारी बाई यांच्या हाती ते येईल, हे अनेक पुढाऱ्यांनाही अतिरेकी वाटे. तीस वर्षांहून अधिक काळ झगडून बाबासाहेबांनी प्रत्येक माणसाचे एक मत आणि प्रत्येक मताची एकच किंमत, ही गोष्ट संविधानात आणली. ज्याने त्या मतासाठी तारुण्य खर्ची घातले, तो ते कुजवा असे कसे सांगेल? ज्या बाईच्या हाती पिढ्यान्‌पिढ्यांत पहिल्यांदाच मतपत्रिका आली होती, तिला ती फेकून द्यायला लावणे म्हणजे तिच्या माणूसपणाचाच अवमान, हे बाबासाहेबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

म्हणूनच त्यांच्या प्रामाणिकपणाला माणसांबद्दलच्या कळवळ्यापासून वेगळे काढता येत नाही. कोरडा प्रामाणिकपणा कधीकधी अहंकाराचा असतो: मी किती स्वच्छ, हे दाखवण्याचा. बाबासाहेबांचा प्रामाणिकपणा दुसऱ्याच्या काळजीतून आलेला होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ मिळावा यासाठी ते बोलले. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना कारखान्यातील कामाचे तास कमी करण्याचे विधेयक त्यांनी आणले आणि आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. विडी कारखान्यांच्या, मँगनीजच्या खाणींच्या या जिल्ह्याला या गोष्टींचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे हिंदू कोड बिल रखडले तेव्हा, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या स्त्रियांसाठी ते लढत होते, त्यांतल्या बहुतेकींनी त्यांचे नावही ऐकले नसेल. खुर्ची सोडणे असो की निवडणूक हरणे, त्यांच्या निर्णयाच्या मुळाशी कोणातरी दुबळ्याचे हित असे.

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की संविधानिक नीती ही काही जन्मजात भावना नाही. ती जोपासावी लागते. वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, त्यांनी हेही सांगितले की संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल. ही वाक्ये जयंतीच्या फलकांवर सर्वत्र दिसतात. भंडाऱ्यात मात्र ती वाक्ये जगून दाखवली गेली. संविधानिक नीती म्हणजे काय, याचे उत्तर विचारणाऱ्या मुलाला आपण दिल्लीचे दाखले देण्याची गरज नाही. १९५४ सालच्या आपल्या जिल्ह्याकडे बोट दाखवावे.

आता आपण स्वतःकडे वळू. निवडणूक जवळ आली की गावात काय घडते, हे कोणी कोणाला सांगायला नको. रात्रीतून पाकिटे फिरतात. दारू फिरते, साड्या फिरतात. मते खाण्यासाठी मिळत्याजुळत्या नावाचे उमेदवार उभे केले जातात. जातीचा हिशेब मांडून कोणाला उभे करायचे आणि कोणाला बसवायचे, हे ठरते. काही ठिकाणी तर सरपंचपदाची बोली लागते. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका याच कारणावरून राज्य निवडणूक आयोगाला रद्द कराव्या लागल्या. या सगळ्याचे समर्थन एकाच वाक्यात केले जाते: ‘सगळेच करतात.’ बाबासाहेबांनी भंडाऱ्यात ज्या वाक्यापुढे मान तुकवली नाही, ते नेमके हेच वाक्य.

आणि गोष्ट निवडणुकीपुरती नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटे नाव चढवणारा, धान खरेदी केंद्रावर काटा मारणारा, घरकुलाच्या यादीत आपल्या माणसाला वर सरकवणारा, परीक्षेत आपल्या पोराला चिठ्ठी पोचवणारा, यांपैकी प्रत्येक जण स्वतःला हेच सांगत असतो की एवढ्याने काय बिघडते. बिघडते ते हे, की कोणातरी गरिबाचा हक्क मारला जातो आणि आपल्या घरातल्या लहान मुलाला कळते की मोठी माणसे बोलतात एक आणि करतात दुसरे. मिरवणुकीत बाबासाहेबांचा जयजयकार करणारा हात दुसऱ्या दिवशी मताचे पैसे घेत असेल, तर तो जयजयकार फोल आहे. हे बाबासाहेबांच्या अनुयायांना जितके लागू, तितकेच त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या पुढाऱ्याला लागू.

बाबासाहेबांना देवासारखे पूजणे सोपे आहे. व्यक्तिपूजेचा धोका त्यांनीच संविधान सभेतल्या अखेरच्या भाषणात दाखवून दिला होता. त्यांच्यासारखी विद्वत्ता आपल्यापैकी कोणाला लाभणार नाही, तेवढे वाचन होणार नाही, तेवढे लेखन होणार नाही. पण भंडाऱ्यात त्यांनी जे केले त्याला विद्वत्ता लागत नाही. त्याला फक्त निश्चय लागतो, आणि तो शेतमजुराला शक्य आहे, शिक्षकाला शक्य आहे, तहसील कचेरीतल्या कारकुनाला शक्य आहे. महापुरुषाचा जो गुण सामान्य माणसाला उचलता येतो, तोच सर्वांत मोलाचा.

या जयंतीला आम्ही भंडारेकरांना, आणि एकेकाळी याच मतदारसंघाचा भाग असलेल्या गोंदियाकरांनाही, चार गोष्टी मागतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक महाविद्यालयात १९५४ च्या पोटनिवडणुकीची ही हकिकत मुलांना सांगितली जावी. त्या काळच्या आठवणी ज्या घरांत, ज्या वस्त्यांत अजून जपल्या गेल्या आहेत, त्या तरुणांनी आताच लिहून घ्याव्यात. प्रत्येक पक्षाच्या स्थानिक नेत्याने आज बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे उभे राहून, पुढच्या निवडणुकीत एकही मत विकत घेणार नाही, असे जाहीरपणे सांगावे. आणि प्रत्येक मतदाराने आपले मत विकायचे नाही, वाया घालवायचे नाही आणि कोणाच्या धाकाने द्यायचे नाही, असे मनाशी ठरवावे.

भंडाऱ्याने बाबासाहेबांना लोकसभेत पाठवले नाही, हा इतिहास आता बदलत नाही. पण त्यांनी हरताना जो धडा इथे दिला तो गिरवणे अजूनही आपल्या हाती आहे, आणि ती जबाबदारी इतर कोणत्याही जिल्ह्यापेक्षा आपल्यावर अधिक आहे.